मामांचा जोड

जीप आली तेव्हा मामा खुर्चीतच होते. दुकानाच्या दारात, अर्धे उन्हात, अर्धे सावलीत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलंय, दुसऱ्याचं "बघू की" म्हणून राहिलंय, आणि उजवा हात असा थरथरतो की चहाचा कप बशीवर वाजत राहतो. त्यामुळं गेली काही वर्षं ते स्वतः गाडीला हात लावत नाहीत. पण खुर्ची रोज मांडायची. लोक दुकानाला येत नाहीत, खुर्चीला येतात. बोर्डावर काय रंगवलंय ते कुणी वाचत नाही. "मामा हाईत न्हवं?" एवढं विचारतात आणि मग गाडी बंद करतात.

जीप हुपरी ते कोल्हापूर वडाप करणारी. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी भाड्याची गाडी. तिच्या वयाचा अंदाज पत्र्यावरच्या रंगांच्या थरांवरून करायचा. मालक तोच ड्रायव्हर. उतरला तोच बोलत.

"मामा, लाइट दगा द्यायलीया. खड्डा आला की जाती. थोबाडीत मारली की परत येती."

"कुणाच्या थोबाडीत?"

"डॅशबोर्डाच्या ओ. पाशिंजरच्या मारून भागंल व्हय?" मग जरा आवाज उतरला. "परवा पौर्णिमेला वाडीला गेलतो. येताना दिवस मावळला. म्होरं उसाची ट्रॉली, तिला मागं लाल दिवा न्हाय, काय न्हाय. आन् माझी लाइट फुस्स. आत सगळ्या बायका. त्यांनी दत्ताचा धावा सुरू केला आन् मी एका हातानं स्टेअरिंग, एका हातानं डॅशबोर्ड बडवत, कसा आलो माझं मला म्हाईत."

मामांनी मान वळवली नाही. जीपचं इंजिन बंद झालं होतं तरी ते तिच्याकडं कान लावून बसले होते. "हिचं वायरिंग माझं हाय. तुझ्या बानं करून घेतलंतं." मग मला म्हणाले, "स्विच बघ, अर्थिंग बघ. जोड बघत बसू नगंस. जोडाला काय होत न्हाय."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला वाक्य वाटतच नव्हतं. दिवस उगवतो, तसं, जोडाला काही होत नाही.

मी इकडचा नाही. महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचा, तळ्यांच्या आणि भाताच्या मुलखातला. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे एक दिवस गेलो नाही, दुसऱ्या दिवशी जायला लाज वाटली, आणि ती लाज अजून चालू आहे. पुढं तांदळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. त्या ट्रकचं वायरिंग कोल्हापुरात जळालं आणि तो मामांच्या दारात येऊन उभा राहिला. काम होईपर्यंत मी मामांना पक्कड, टेप, वायर देत होतो. ट्रक निघायच्या वेळी मामा ड्रायव्हरला म्हणाले, "ह्येला ऱ्हाऊ दे हितं. ह्येचा हात थरथरत न्हाय." तेव्हा त्यांचाही थरथरत नव्हता. आत मामींनी मला काही विचारलं नाही. तिसरं ताट घेतलं आणि वाढायला सुरुवात केली. मला तिखट सोसेना, डोळ्यांतून पाणी आलं. मामी म्हणाल्या, "रडतंय वाटतं पोरगं," आणि मामा म्हणाले, "रडत न्हाय, रस्सा प्यायलंय." मी दोन्ही करत होतो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्न झालं, मागच्या गल्लीत खोली घेतली, तरी इथं मी पावणाच. "काय पावणं, भात झाला का?" असं अजून विचारतात. मला राग येत नाही. ठेवून घेतलेल्या माणसाला राग धरायची हिंमत होत नाही, आणि मी तर असा माणूस आहे की शटर ओढून घरी गेलो तरी परत येऊन कुलूप हलवून बघतो. मामांनी कधी रागावून बघितलं तर दुपारभर मी काय चुकलं ते शोधत राहतो. बहुतेक वेळा त्यांना ऊन लागत असतं.

मी डावखुरा. पहिल्या आठवड्यात मामांनी ते बघितलं आणि म्हणाले, "असू दे. अडचणीच्या जागी तुझाच हात जाईल." तेव्हापासून ते उजव्या अंगानं टेप गुंडाळायचे, मी डाव्या. आमच्या दोघांच्या गुंडाळ्या उलट्या दिशेनं फिरतात. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात येणार नाही. आम्हाला बोटानं कळतं.

आता मामांचा जोड म्हणजे काय ते सांगायला हवं. बाकीचे मिस्त्री दोन वायरी सोलतात, पिळतात, टेप मारतात, झालं. मामा हुपरीचे, घरात चांदीच्या पैंजणांचं काम. लहानपणापासून कड्या एकमेकींत अडकवून त्यांना डाग देऊन सांधायचं काम त्यांच्याकडं होतं. धंदा भावांकडं गेला आणि मामा कोल्हापुरात गाड्यांच्या वायरिंगमध्ये आले, पण हात पैंजणाचाच राहिला. ते वायरी पिळत नसत, विणत. मग त्यावर नवसागर लावायचे, भांड्यांच्या कल्हईला लावतात तोच. तांब्याचं टोक तापवायचं, धूर निघायचा, नाकात झोंबायचा, आणि कथील असं धावायचं की तांबं दिसेनासं व्हायचं. चकचकीत मणी तयार. लगेच वरून टेप, तिचं शेवटचं टोक दुमडून आत दाबलेलं. तो जोड दोन माणसांनी दोन्हीकडून ओढला तरी वायर तुटायची, जोड नाही. लोक म्हणायचे, मामांचा जोड, विषयच न्हाय. हात गेला, डोळा गेला, पण हे राहिलं होतं. खुर्चीवर बसलेले मामा म्हणजे आमच्या लाइनीत तेच एक होतं: जोड.

मी जीपकडं वळलो.

आधी बॅटरी, मग फ्यूज. ठीक. अर्थिंगसाठी वेगळी वायर टाकून बघितली, फरक नाही. स्विच बाजूला काढून वायर सरळ जोडली, तरी तेच. मग हेडलाइटचा प्लग सोडवला आणि त्यात आपला तपासायचा छोटा बल्ब लावला. झकास पेटला. म्हणजे करंट येतोय. प्लग परत लावला, हेडलाइट अंधूक, डॅशबोर्डावर हात मारला की लख्ख, सोडला की परत पिवळी. इथं नवा माणूस हेडलाइटच बदलून मोकळा होतो. पण छोट्या बल्बाला लागतो थेंबभर करंट; तो केसाएवढ्या वाटेनंही येतो. हेडलाइटला लागते धार. ड्रायव्हरनं हल्लीच जास्त उजेडाचे बल्ब टाकले होते, त्यामुळं तर आणखीच. म्हणजे वाटेत कुठंतरी वाट बारीक झाली होती.

अशा वेळी मी डोळे मिटतो. लाइट चालू ठेवायची आणि वायरींच्या जुडग्यावरून बोटं फिरवत जायचं. जिथं वाट बारीक, तिथं वायर तापते. डॅशबोर्डच्या मागं, हात जेमतेम जातो अशा ठिकाणी, बोटाला चटका बसला.

टेप उजव्या अंगानं गुंडाळलेली होती. टोक दुमडून आत दाबलेलं.

मी ती सोडवली. आत मणी नव्हता. हिरवट पांढरी भुकटी होती, आणि तिच्यात काळी पडलेली तार. बोटानं हलवली तर जुन्या झाडूची काडी मोडावी तशी मोडली. पहिल्यांदा मला वाटलं, पाणी गेलं असणार. वाटलं म्हणजे तसं वाटावं अशी माझी इच्छा होती. म्हणून सीटखालचा दुसरा जोड सोडवला, तिथं पाणी जायला जागाच नाही. तोही हिरवा. त्याच्याच बाजूला गाडी कारखान्यातून आली तेव्हाचा एक जोड होता, नुसती पितळी पट्टी दाबून बसवलेला, ना कथील ना काही. त्याच्यातलं तांबं गुलाबी होतं, कालच सोलल्यासारखं.

मी तिथंच, सीटखाली डोकं घातलेल्या अवस्थेत, थोडा वेळ थांबलो. जोड सुटला नव्हता. जोडानंच तार खाल्ली होती.

"घावलं का रं?" बाहेरून मामांनी विचारलं.

"घावलं."

"काय हाय?"

"उंदीर," मी म्हणालो.

कुठून आलं कोण जाणे. जीप गुळाच्या गोदामाशेजारी उभी असते हे मला माहीत होतं, एवढंच कारण. ड्रायव्हर म्हणाला, "आयला, तरीच! रात्री खुडखुड आवाज येतोय." लोकांना खोटं सांगितलं की ते स्वतःच त्याला आधार आणून देतात, हे मी त्या दिवशी बघितलं. मामा म्हणाले, "मी म्हणलं न्हवं, जोडाला काय होत न्हाय," आणि खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की मी पुन्हा सीटखाली गेलो.

जीपमधले सापडतील तेवढे जोड काढले. नवी वायर टाकली, पितळी पट्ट्या दाबून बसवल्या, वरून टेप. जुने जोड विजारीच्या खिशात कोंबले. दुपारी मामींच्या हातची भाकरी खाताना ते मांडीला टोचत होते. मामी म्हणाल्या, "आज गप का?" मी म्हणालो, "काय न्हाय, ऊन." जोडांबरोबर मामांचं ऊनही घेतलं मी त्या दिवशी.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. कागल, हुपरी, वाडी, या सगळ्या रस्त्यांवर आमचे जोड पळत होते. आमचे म्हणतो, कारण मामांचा हात थरथरायला लागल्यापासून नवसागर मीच लावत होतो. संध्याकाळी एकाच दिव्याची गाडी समोरून आली की वाटायचं, ही आपली. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला तरी माझे कान ताठ. पण सांगायचं कसं? ज्या माणसानं मला ताटावर बसवलं त्याला जाऊन म्हणायचं, मामा, तुमचं सगळं चुकलं? मग त्या खुर्चीत काय उरेल? मनात वाक्य जुळवायचो. एकातही मामा शेवटी बसलेले राहायचे नाहीत, उठून आत जायचे.

म्हणून मी चोरून सुरू केलं. हॉर्न वाजत नाही म्हणून गाडी आली तरी हेडलाइटचे जोड उघडायचे, कापायचे, बदलायचे. काढलेले जोड एका रिकाम्या डब्यात टाकून मागच्या फळीवर ठेवायचे. हॉर्नच्या कामाला दुपार जायची. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. मामा त्यांना म्हणायचे, "पावणा जरा बारकाईनं करतोय. घाई करू नगा." आणि ती गेली की मला हळूच, "बरं न्हाय का तुला? घरी आईला फोन लाव, जाऊन ये चार दिवस." त्यांना वाटत होतं मला घरची आठवण आलीय. मी मान हलवायचो. त्यांच्या मायेवर माझं खोटं असं आरामात बसलं होतं.

मग जीपवाला आला. गाडी ठीक होती, चहाला थांबला होता.

"मामा, मांजर पाळलं," तो म्हणाला. "गुळाचं अख्खं गोदाम पालथं घातलं. एक बी उंदीर न्हाय. उलट मांजरच सीटवर मुतलं. कालपासनं पाशिंजर नाकाला पदर लावून बसत्यात."

मामा हसले. मीही हसलो, जरा मोठ्यानंच.

"पर ह्यो उंदीर म्हणजे पैलवान असणार," तो पुढं म्हणाला. "तुमचा जोड खाल्ला म्हणजे काय!"

"जोड? वायर कुरतडलीती न्हवं?"

"आता मला काय म्हाईत? ह्येनं जोडासकट काढली. मी बघत हुतो की. दुसरा सीटखालचा बी काढला."

मामांचा कप बशीवर वाजत होता तो थांबला. म्हणजे त्यांनी तो खाली ठेवला. जीपवाला मांजराचं आणखी बरंच काही सांगून गेला. मामा रस्त्याकडं बघत होते, म्हणजे तोंड तिकडं होतं.

"कथील खाणारा उंदीर मी अजून बघितला न्हाय," ते म्हणाले. "आण."

"काय?"

"जे लपीवलंयस ते."

मी आतून डबा आणला. हलवला नव्हता तरी खळखळला. मामांनी हात घालून एक जोड काढला, नखानं खरवडला, बोटं एकमेकांवर चोळली. मग मी थांबवायच्या आत जीभ लावली.

"खारट," ते म्हणाले. थुंकले. जोड बोटांत फिरवत राहिले. मी उभाच. शेवटी म्हणाले, ते मला नाही, जोडालाच सांगितल्यासारखं: "पैंजण धुत्यात."

मला कळलं नाही.

"डाग दिला की आमची आई पैंजण चिंचेच्या पाण्यात उकळायची. मग रिठ्याच्या पाण्यात घासायची, ब्रशनं, कडीकडीतनं. डाग द्यायचं काम माझं, धुवायचं आईचं. मला वाटायचं चमकायला धुत्यात." त्यांनी जोड परत डब्यात टाकला. "खार काढायला धूत हुती ती. वायरीतला खार कोण धुतो? मी तर गरम गरम असतानाच टेप मारत आलो. आतल्या आत खात बसला."

मामी दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "धुणं बायकांकडं. मग तुमी कशाला विचारताय कशासाठी धुत्यात!" आणि चहाचा कप उचलून आत गेल्या. दुसऱ्या कुणी हे बोललं असतं तर मामा चिडले असते.

"लपीवलंस कशाला?" त्यांनी मला विचारलं.

"मला वाटलं…"

"काय वाटलं? म्हातारा मरंल?"

मी डब्यात बघत राहिलो, म्हणजे हो म्हणालो.

"आरं खुळ्या, त्या ट्रॉलीत जीप घुसली असती म्हणजे? त्या बायका काय तुझ्या माझ्या नावाचा धावा करत हुत्या?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज असा चढला की समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. मग एकदम उतरला. "माझ्यासाठी खोटं बोलायला कुणी सांगितलं तुला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची दारातून काढून पार रस्त्याच्या कडेला मांडायला लावली. त्यांना गाड्या दिसत नाहीत, पण ऐकू येतात. कितीतरी गाड्यांचे हॉर्न आम्हीच बसवलेले, ते त्यांना माणसाच्या हाकेसारखे ओळखू येतात. हॉर्न वाजला की काठी आडवी करायचे. "ए, थांब! बोनेट उघड."

"मामा, गाडी चांगली हाय की."

"चांगली हाय तवरच उघड. माझा जोड चुकीचा हाय. बदलून घे."

कुणी हसलं. कुणी म्हणालं, मामा म्हातारपणी काय भलतंच. कुणी घाईत निघून गेलं तर मामा दुसऱ्या ड्रायव्हरजवळ निरोप द्यायचे. लाइनीतल्या बाकीच्या दुकानांना तर सणच झाला. "मामांनी सोता कबूल केलं," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. खोटं तर नव्हतं. नव्या गाड्या आमच्याकडं यायच्या कमी झाल्या. जुन्या येत होत्या, जोड काढून घ्यायला.

प्रत्येक गाडीत मी जोड शोधायचा, आणि कापण्याआधी मामांचा हात धरून त्यावर ठेवायचा, हा त्यांचा हट्ट. ते टेपवरून बोट फिरवायचे आणि मालकाला म्हणायचे, "माझाच हाय. माझी चूक. काढतोय."

पहिल्यांदा मला वाटलं त्यांची बोटं बधिर झाली असतील. कारण तो जोड डाव्या अंगाचा होता. माझा. दुसऱ्या गाडीतही तसंच. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "मामा, ह्यो…" तेव्हा त्यांनी माझं मनगट दाबलं, चांगलं दुखेपर्यंत, आणि मालकाकडं तोंड करून म्हणाले, "माझाच हाय." थरथरणाऱ्या हातात तेवढा जोर अजून होता.

आणि मी गप्प बसलो. तेव्हाही, नंतरही. मला सांगता येईल की त्यांनी बसवलं. पण मनगट सोडल्यावरही मी गप्पच होतो, हे मला माहीत आहे. नाव जात होतं त्यांचं, आणि माझं राहत होतं, आणि त्यात मला कुठंतरी सुटल्यासारखं वाटत होतं. घरी गेलो की बायको विचारायची, काय झालं; मी कुलूप बघायला परत दुकानाकडं जायचो.

मग एक दूधगाडीवाला आला. जुना टेम्पो, कागलच्या बाजूचा. बोनेट उघडलं, जोड सोडवला तर तार जवळजवळ सुटलेली. तो खवळला. मामांच्या समोर उभा राहून म्हणाला, "मामा, तुमच्या जिवावर मी पहाटंचं दूध आणतोय! आन् तुमी ही असली घाण करून ठेवलीया? वय झालंय तर घरात बसावं की माणसानं. खुर्ची टाकून कशाला बसलाय, लोकं मारायला?"

मामा मान खाली घालून ऐकत होते. ओठ हलत होते, "माझाच हाय" म्हणायच्या तयारीत. टेप डाव्या अंगाची होती.

"ह्यो जोड माझा हाय," मी म्हणालो. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून इकडची भाषा अशी सरळ कधी आली नव्हती. "मामांनी केलेला न्हाय. मी केलाय."

दूधवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. "कुणाचा का असंना! सांजच्या दुधाला गाडी पायजे. तेवढं बोल."

एवढंच. इतके दिवस मी ज्याला घाबरत होतो ते एवढंच निघालं. पण मामा उठून आत गेले. मी मनात जुळवलेल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी जायचे, तसेच. मागं खुर्ची रिकामी, आणि येणाऱ्या गाड्या तिला बघून पुढं जात होत्या.

शटर ओढताना ते बाहेर आले. "बोललास कशाला?"

"मामा, तुम्ही किती जणांचं ऐकून घेणार?"

"माझं नाव जायाचं ते गेलं. त्यातच तुझं बी झाकून गेलं असतं, म्हणजे माझ्यामागं तुला दुकान ऱ्हायलं असतं." ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. "एवढंच राखत हुतो, तेबी तू मोडलंस."

मी कुलूप लावलं. त्या संध्याकाळी ते हलवून बघायला परत आलो नाही. घरी पडून राहिलो. मी त्यांच्यासाठी उंदीर आणला होता आणि त्यांनी माझ्यासाठी स्वतःचं नाव. माझं खोटं त्यांनी एका झटक्यात मोडलं होतं, त्यांचं मी. फरक एवढाच की त्यांच्या खोट्याची किंमत ते स्वतः देत होते.

सकाळी खुर्ची मांडावी की नाही, ते कळेना. मांडली. मामा आले, बसले. जीपवाला जाता जाता ओरडला, "काय पावणं, उंदीर घावला का?" गोष्ट सगळीकडं झाली होती, आता भातावरून कुणी विचारत नाही, उंदरावरूनच विचारतात. मग हुपरीकडची एक म्हातारी मोटार आली. काठी आडवी झाली. मी बोनेट उघडलं, जोड शोधला, मामांचा हात धरून त्यावर ठेवला.

त्यांनी बोट फिरवलं. टेप डाव्या अंगाची होती. मालक बघत उभा होता. मामा काही बोलले नाहीत. थांबले.

"माझा हाय," मी म्हणालो.

"मोठ्यांदा बोल," मामा मालकाकडं हनुवटी करून म्हणाले. "पावण्याला ऐकू आलं न्हाय."

मी मोठ्यानं बोललो. पंक्चरवाल्यानं परत मान वर केली. मी पक्कड घेतली, पण कापता येईना, कारण मामांचा हात अजून तिथंच होता. टेपवर, थरथरत. मी पक्कड धरून उभा राहिलो.